नामंजूर रजा

कर आपला आपण भरायचा, आजारपणाची सोय नाही, उद्या काही झालं तर लेकीला घेऊन जायचं कुठे? या काळजीने रॉटरडॅमला कंत्राटावर आलेल्या मृदुलाला तीन रात्री झोप नव्हती.

तिला कंत्राट देणाऱ्या एजन्सीचे टिपणीस साहेब मात्र पुण्यातून व्हिडिओ कॉलवर निवांत हसले. “अहो मॅडम, तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक! भरपगारी रजा हे नोकरांचे लाड.”

मृदुलाचा आवाज नेहमी ऐन वेळी बसायचा. आजही बसला. पण मांडीवर कांजिण्यांनी बेजार झालेली रेणू होती, म्हणून तिने खाकरून तो उठवला आणि रेणूसाठी केलेले रजेचे तीन अर्ज कॅमेऱ्यासमोर धरले. प्रत्येकावर साहेबांची लफ्फेदार सही आणि शेरा, ‘रजा नामंजूर’.

“म्हणजे मी दुकानदार, तुम्ही गिऱ्हाईक. असंच ना?”

“अगदी बरोबर!”

“मग गिऱ्हाईक कधी दुकानदाराची रजा नामंजूर करतं का, साहेब? नोकर असेन तर नेमणूकपत्र द्या. नसेन, तर हे अर्ज इथल्या कर कार्यालयात दाखवते. मी कोण, ते तेच ठरवतील. नोकर ठरले, तर मागचा कर आणि दंड तुमच्या माथी.”

टिपणीसांचं हसू मावळलं. “सोमवारी पाठवतो नेमणूकपत्र,” म्हणाले, आणि तरी आजवर रजा का नाकारली याच्या सबबी सांगत कॉलवरच बसले.

रेणूने पडद्याकडे बोट केलं. “काका, तुमची रजा मंजूर. जा आता.”