पलीकडची हाक

फार वर्षांपूर्वी जगभर लढाई पेटली, तेव्हा आमच्या ओझरवाडीचे गोमाजीतात्या ब्रह्मदेशच्या जंगलात होते. तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, पूल बांधणाऱ्या पलटणीत हवालदार. त्या जंगलात भर दुपारी कंदील लावावा लागे, असं म्हणतात.

आपली फौज मागे हटत होती. वाटेत नदी आडवी आली, आणि लोखंडी पुलाचं सामान पोचलंच नव्हतं. तात्यांनी बांबू तोडले, रानवेली वळल्या आणि आपल्याकडे ओढ्यावर घालतात तसा साकव घातला. त्यावरून जखमी गेले, खेचरं गेली, हत्तीसुद्धा गेले, असं म्हणतात. हत्तींबद्दल कुणी शंका घेतली, तर मी उठून जातो.

सगळे अलीकडे आल्यावर साहेबांचा हुकूम झाला, साकव तोडा. शत्रू पाठीवर होता आणि नदी चढत होती. तात्यांनी कोयता उचलला, पण आधी पलीकडे हाक मारली, "कोन ऱ्हायलाय काय पल्याड?"

झाडीतून उत्तर आलं. भाषा कुणालाच कळेना.

"शत्रूचा डाव आहे. तोड," साहेब म्हणाले.

"सायेब, ह्ये कन्हनं हाय. डाव न्हाय."

एवढं बोलून तात्यांनी कोयता साहेबांच्याच हातात दिला आणि ते साकवावर चढले. हुकूम मोडणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. तरी गेले. माझा ऊर भरून येतो तो इथेच.

पाणी बांबूंना लागलं होतं. तात्या परत येईपर्यंत ते बोटभरही चढलं नाही, असं म्हणतात. त्यांच्या पाठीवर कोण होतं, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. आत्या म्हणते, डोंगरातली बाई. वडील म्हणत, शत्रूचाच शिपाई. तात्यांना विचारलं, तर एवढंच सांगत, "पाय मोडला व्हता, यवढं खरं." ते अलीकडे उतरले आणि साहेबांनी स्वतः वेल तोडली.

तात्यांना जाऊन जमाना झाला. पण बांबू वाहून जाऊ नयेत म्हणून आम्ही पावसाआधी ओढ्यावरचा साकव सोडतो, तेव्हा त्यांच्या नावानं आधी पलीकडे हाक जाते. उत्तर आलं, तर थांबावंच लागतं.

गेल्या वर्षी उत्तर आलं ते दत्ताराम मांडवकराचं. गायरानाच्या भांडणापासून त्याच्याशी गावात कुणी बोलत नाही. आभाळ भरलं होतं, तो लांब होता, आणि डोक्यावर गवताचा भारा. सगळं गाव दोर धरून उभं राहिलं. तो अलीकडे आला, कुणीतरी पुढे होऊन त्याचा भारा उतरवून घेतला, आणि मग आम्ही साकव सोडला.