राजाला अडवणारी चिचुंद्री

फार मागे, एका टेकडीखाली सशांचं मोठं बीळ होतं. पलीकडच्या टेकडीवर खरजेची साथ आली, तेव्हा त्यांचा राजा धवलकर्ण यानेच नियम केला, की ज्याच्या अंगाला साथीचा वास येईल त्याने पिल्लांच्या खोलीत जायचं नाही, मग तो कोणीही असो. दारावर गोदी नावाची चिचुंद्री बसवली.

एकदा राजा पलीकडे मेजवानी झोडून आला आणि थेट पिल्लांकडे निघाला. गोदीने वाट अडवली.

"मला ओळखलं नाहीस?"

"ओळखलं, महाराज. पण मला चेहरे बघायला बसवलेलं नाही. वास येतोय, परत फिरा."

दरबारी फिदीफिदी हसले. जिच्या स्वतःच्या अंगाला एवढी दुर्गंधी, ती महाराजांना हुंगते! राजाला ते भलतंच झोंबलं. त्याने नवा हुकूम सोडला, "यापुढे तू कुणाला अडवायचं नाहीस. वास आला तर नुसतं ओरडून सांगायचं."

तो आत शिरला. गोदी घसा फाटेपर्यंत ओरडली, आणि दरबाऱ्यांनी तिच्या आवाजाची नक्कल केली.

थोड्याच दिवसांत बरीचशी पिल्लं खाजवून रक्तबंबाळ झाली. राजा तणतणत आला. "सटवे, मला अडवलं का नाहीस?"

"खरंच, का नाही अडवलंस?" दरबारीही म्हणाले.

"हुकूम तुमचाच होता, महाराज."

राजाने तिथल्या तिथे जुना नियम पुन्हा लागू केला आणि लेकरांना कुशीत घ्यायला घाईने पुढे झाला. गोदीने त्याला हुंगलं.

"आत दोन पिल्लं अजून धड आहेत," ती म्हणाली. "परत फिरा."

राजा दाराबाहेर बसून कान खाजवत राहिला. दरबारी केव्हाच लांब सरकले होते.