चाळीस वर्षं जेवणारा पाहुणा

वाचणाऱ्यांनो, आधी माफी मागतो. माझी शाळा आठवीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतात आणि भारी शब्द मला येत नाहीत. जे येतात त्यांतच ही गोष्ट बसवली आहे. चुकलेलं सुधारून वाचा.

एका राज्यात एक भट्टी होती. डोंगराएवढी उंच, आणि चाळीस वर्षं न विझलेली. वरून तिच्यात काळा दगड पडे, खालून लाल लोखंड वाही. त्या लोखंडातून राजा भीमकेतूने सात कोट बांधले, सात वेशी उभारल्या, सात देशांना तलवारी पुरवल्या. राज्य बलाढ्य झालं. आणि भट्टीच्या तोंडून निघालेला धूर राज्यावर बसला तो बसलाच.

भर दुपारी घरोघर दिवे लागत. दूध कासेतून पांढरं निघे आणि भांड्यात पडेपर्यंत राखाडी होई. कुणाची सावली जमिनीवर पडत नसे, कारण सूर्यच पुरता दिसत नसे. राजाचा महाल मात्र उंच टेकडीवर होता आणि त्याला चहूकडून काचेची तावदानं होती. तिथून धूर दिसे तो लांबचा, ढगासारखा. राजाला तो शोभेचा वाटे.

भट्टीत दगड टाकणाऱ्यांना त्या राज्यात वाढपी म्हणत. का म्हणत, ते कुणाला ठाऊक नव्हतं. मुकादम "वाढा!" म्हणून ओरडे आणि हजार टोपल्या रित्या होत. भट्टीभोवती रोज सकाळी रांगोळी काढत. ती का काढत, तेही कुणाला ठाऊक नव्हतं. रीत होती, चालत आली होती.

त्या वाढप्यांत सगुणा नावाची एक बाई होती. तिला एकच लेक, सहा वर्षांची. नाव मैना. मैनेच्या छातीत श्वासाबरोबर शिटी वाजे. चार पावलं चालली की ती खाली बसे आणि आईकडे बघून हसे, आईला वाईट वाटू नये म्हणून.

सगुणेने वैद्याला विचारलं, "वैद्यबुवा, औषध सांगा."

वैद्य म्हणाला, "हवा बदल."

"हवा कुठं मिळेल?"

"ती माझ्याकडे असती तर मी खोकलो असतो का?" वैद्य म्हणाला आणि खोकला. मग खाली बघत म्हणाला, "फाल्गुनाच्या पुनवेपर्यंत बदलली नाही, तर बदलून उपयोग नाही."

पुनवेला एकवीस दिवस होते.

सगुणा घराच्या पायरीवर बसली. तेवढ्यात शेपटी हलवत एक पाखरू समोर उतरलं. जातीने धोबी, पण अंगावर पांढरा ठिपका औषधालाही नाही.

सगुणा म्हणाली, "धोबी ना रे तू? आणि हा अवतार?"

"दुसऱ्यांचे धुता धुता स्वतःचे राहून जातात, बाई," पाखरू म्हणालं. "थट्टा पुरे. मी ऊब घ्यायला भट्टीच्या काठावर बसतो. आतला अग्नी काय बोलतो ते मला कळतं."

"काय बोलतो?"

"कण्हतो. 'उठू द्या' म्हणतो."

मग पाखराने सगळं सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी प्रधान अंजनभट, जो नावाने प्रधान आणि विद्येने मांत्रिक होता, त्याने तरुण राजाला सल्ला दिला: अग्नीला अक्षत देऊन जेवायला बोलवा. पाट मांडा, रांगोळी काढा, वाढा. तो जेवत असेतो लोखंड वाहील. फक्त शेवटचा दहीभात वाढू नका. दहीभात आल्याशिवाय पानावरून उठायचं नाही, असा पाहुण्याचा धर्म आहे.

"म्हणून आम्ही वाढपी," सगुणा हळूच म्हणाली.

"म्हणून तुम्ही वाढपी. पोट फुटायला आलेल्याच्या पानात तुम्ही वाढता आहात, आणि हा धूर म्हणजे त्याचा सुस्कारा आहे."

"मी त्याला उठवीन," सगुणा म्हणाली.

"तीन वस्तू लागतील. पांढरा दहीभात, हातावर घालायला नितळ पाणी आणि विड्याला हिरवं पान. एकावरही काजळीचा कण नको. आणि वाढायला यजमान लागेल. बोलावलं त्यानेच उठवायचं."

सगुणेने मैनेला शेजारणीकडे सोपवलं, घरातली एकुलती पांढरी ताटली पदरात बांधली आणि ती निघाली. पाखरूही तिच्याबरोबर उडालं.

पाच दिवसांनी ती उत्तरेच्या डोंगरावर पोचली. तिथे एक गवळण राही. तिच्या म्हशी ढगांवर चरत, म्हणून त्यांचं दूध धुराच्या वर निघे आणि पांढरंच राही.

गवळण म्हणाली, "दही देईन, भातही देईन. पण माझ्या डोंगराचं पोट खणून काळा दगड नेता, ते थांबवण्याचं वचन दे."

"डोंगर माझा नाही, आज्ञा माझी नाही. खोटं वचन कसं देऊ?"

"मग तुझं काय आहे?"

सगुणेने पाठीवरची टोपली उतरवली. ती तिच्या आईची होती. आईही वाढपीण होती. "एवढीच माझी. ही इथे ठेवते. आजपासून मी वाढणार नाही."

"मग खाशील काय?"

"ते परत आल्यावर बघेन."

गवळणीने टोपली उचलून आत ठेवली. मग तिने दहीभात कालवला, केळीच्या सात पानांत बांधला आणि म्हणाली, "तू उघडेपर्यंत हा ताजा राहील."

आणखी आठ दिवसांनी सगुणा पूर्वेच्या विहिरीशी आली. विहिरीवर दगडी झाकण होतं, आणि झाकणावर एक कासव होतं. आजूबाजूला माणसांच्या आकाराचे बरेच दगड उभे होते.

कासव म्हणालं, "एक प्रश्न. चुकलीस तर दगड होशील. भट्टीचा धूर कुठे जातो?"

सगुणेने त्या दगडांकडे पाहिलं. "यांनी काय उत्तर दिलं होतं?"

"वर जातो म्हणाले. आभाळात विरतो म्हणाले. एक फार शिकलेला होता, तो म्हणाला, दुसऱ्या राज्यात जातो."

"कुठेच जात नाही," सगुणा म्हणाली. "थोडा माझ्या लेकीच्या छातीत आहे. उरलेला आपल्या डोक्यावर आहे आणि उन्हाळा वाढवतो आहे."

कासव झाकणावरून उतरलं. पाणी इतकं नितळ होतं की सगुणेला स्वतःचा चेहरा दिसला, आणि काजळीमुळे तो आधी ओळखू आला नाही. तिने तांब्या भरला, त्याचं तोंड मेणाने बंद केलं आणि चालू लागली.

तिसरी वस्तू हिरवं पान. पाखरू म्हणालं, "अख्ख्या राज्यात नागवेल एकच आहे. राजाच्या काचमहालात."

पुनवेच्या दिवशी सकाळी सगुणा टेकडीच्या पायथ्याशी आली. वाट भट्टीजवळूनच जात होती. तिथे तिने पदरातली ताटली काढली आणि तळहातावर उघडी धरली. "ती कशाला?" पाखराने विचारलं. "राजाला वाचता येईल असं लिहून घेते आहे," सगुणा म्हणाली आणि चढू लागली.

महालाच्या दारात अंजनभट उभा होता. त्याला सगळं आधीच कळलं होतं.

तो गोड आवाजात म्हणाला, "सगुणाबाई, एवढी पायपीट कशासाठी? मैनेसाठीच ना? तिला या महालात आणून ठेव. इथली हवा स्वच्छ आहे. आज संध्याकाळपर्यंत तिच्या छातीतली शिटी थांबेल. ती दहीभाताची गाठोडी तेवढी मला दे."

सगुणेचे पाय थांबले. तिने तावदानातून आत पाहिलं. आत हिरवळ होती, कारंजं होतं, आणि धावायला भरपूर जागा होती. तिच्या डोळ्यांपुढे मैना धावू लागली. हात आपोआप गाठोडीकडे गेला.

मग तिने विचारलं, "शेजारणीच्या दोन्ही पोरांना ठेवाल?"

"महाल लहान आहे, बाई."

"मग माझी लेक इथे कुणाशी खेळेल?" ती म्हणाली, आणि त्याला ओलांडून आत गेली. अंजनभटाने मंत्र म्हटला, पण सात पानांतल्या दहीभातापुढे तो चालला नाही.

राजा भीमकेतू सिंहासनावर होता. केस पिकले होते, पण आवाज तोच होता. "कोण तू? हातात काय आहे?"

"ताटली, महाराज."

"काळी ताटली भेट आणलीस?"

"भट्टीजवळून निघाले तेव्हा पांढरी होती. टेकडी चढेपर्यंत अशी झाली. माझी लेक सहा वर्षं तिथेच राहते आहे."

राजाने ताटलीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं, आणि जिथून फिरलं तिथे पांढरी रेघ उमटली. ज्या धुराला चाळीस वर्षं ढग म्हटलं, तो पहिल्यांदा त्याच्या हाताला लागला होता. सगुणा म्हणाली, "दहीभात आणि पाणी मी आणलं आहे. विड्याला पान द्या, आणि बोलावलेल्या पाहुण्याला उठवा."

अंजनभट म्हणाला, "महाराज, अग्नी उठला तर लोखंड थांबेल. राज्य दुबळं होईल."

राजा म्हणाला, "मी पाहुणा बोलावला आणि त्याला उठू दिलं नाही. दुबळं राज्य आणखी कसं असतं?" तो स्वतः उठला, हात धुतले, स्वतःच्या हाताने नागवेलीचं पान खुडलं आणि काजळी लागू नये म्हणून शेल्यात गुंडाळून घेतलं.

भट्टीपाशी हजार वाढपी जमले. मुकादम बहिर्जी आडवा आला. "महाराज, ही भट्टी विझली तर आमच्या पोरांनी खायचं काय?"

त्यावर कुणी उत्तर देण्याआधी राजा गुडघ्यांवर बसला. त्याने पाटापुढे पानं उलगडली. दहीभात पांढरा शुभ्र होता. राजा म्हणाला, "देवा, उशीर झाला. एवढा घास घ्या आणि उठा."

भट्टीच्या तोंडातून एक म्हातारा बाहेर आला. पोट नगाऱ्यासारखं, डोळे लाल, चेहरा थकलेला. तो दहीभात जेवला. राजाने त्याच्या हातावर पाणी घातलं. त्याने विडा तोंडात टाकला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो सरळ उभा राहिला.

"अन्नदाता सुखी भव," तो म्हणाला. मग बहिर्जीकडे वळला. "मी तुम्हाला सोडून जात नाही. नांगराला, कढईला, पुलाला लोखंड लागेल तेव्हा बोलवा. येईन, पोटापुरतं जेवेन आणि उठेन. उरलेले दिवस तुम्ही खणलेल्या डोंगरावर झाडं लावा. मी सोडलेला धूर तीच खातील. हळूहळू खातील. घाई करू नका, पण एक दिवसही थांबू नका."

"आणि ते दिवस आम्ही कशावर काढायचे?" बहिर्जीने विचारलं.

"माझ्या कोठारावर," राजा म्हणाला.

धूर हलला. एका जागी फाटला आणि तिथून ऊन खाली आलं. हजार माणसांच्या पायांशी हजार सावल्या पडल्या. लोक त्यांना घाबरून बाजूला सरले, मग हसू लागले. मागोमाग आलेल्या अंजनभटापाशी मात्र सावली पडली नाही. तो धुराचाच बनला होता. उन्हात तो विरला, आणि कोटाच्या भिंतीवर काजळीचा एक पट्टा तेवढा उरला. बहिर्जीने तो फडक्याने पुसून टाकला. धोबी पाखराने उरलेल्या पाण्यात अंघोळ केली आणि ते आपल्या मूळ रंगावर आलं.

सगुणा घरी गेली. मैना पायरीवर होती. आईला बघून ती उठली, चार पावलं चालली, पाचवं चालली, आणि मग मोजायचं कुणाला सुचलंच नाही. तिची लेक धावली, तशा सगळ्यांच्या लेकी धावोत.

गोष्ट इथे संपते. ती काल लिहून झाली. आमच्या वस्तीपासून दोन कोसांवर लोखंडाचा कारखाना आहे. आज सकाळी मी घरातली एक पांढरी ताटली घासूनपुसून कौलांवर ठेवली आणि खाली उतरून चार घरी सांगून आलो, की तुम्हीही ठेवा.