न करपलेली बासुंदी

मिरजेतल्या प्रेक्षक मंडळात घरी बसून सिनेमे बघणारी माणसं दर महिन्याला जमायची आणि कुणाची भीडभाड न ठेवता मतं मांडायची. या खेपेला दिग्दर्शक रणधीर प्रधान स्वतःच पाहुणे म्हणून आले. अंतराळयानातल्या खुनावरचा त्यांचा नवा सिनेमा सगळ्यांनी आदल्या दिवशीच टीव्हीवर पाहिला होता.

"मतं समीक्षकांनी द्यावीत," प्रधानांनी सुरुवातीलाच बजावलं. "घरच्या प्रेक्षकाचं निम्मं लक्ष गॅसवर असतं."

सगळे खाली बघू लागले. शालनकाकू आवटी मात्र उठल्या. आज ऐकून घेतलं तर मंडळाला कायमचं कुलूप लागणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

"सिनेमा बघताना तुम्ही काय करत होतात?" प्रधानांनी विचारलं.

"तुमच्यासाठीच बासुंदी आटवत होते. शेगडी टीव्हीसमोर मांडली होती."

"झालं तर मग. बसा खाली."

काकू बसल्या नाहीत. त्यांनी सोबत आणलेला डबा उघडला आणि वाटी भरून पुढे केली. "आधी चाखून तर बघा."

प्रधानांनी चाखली आणि बघता बघता वाटी चाटूनपुसून संपवली. "सुरेख. जरासुद्धा करपलेली नाही."

"तेच माझं मत, साहेब. बासुंदीवरून नजर हटली की ती तळाला लागते. तुमचा सिनेमा संपेपर्यंत माझी नजर एकदाही हटली नाही."

सभागृहात हशा पिकला. प्रधानांनी रिकामी वाटी खाली ठेवली.

"पुढचा सिनेमा असा काढा, की भांडं करपेल," काकू म्हणाल्या. "घासायला मी आहे."