घरात चालतं कोणाचं?

मामलेदारीतून निवृत्त झालेल्या त्रिंबकरावांचे पाय सुजू लागले. डॉक्टरांनी बजावलं, "रोज चाला, नाहीतर अंथरूण धराल." पण ते आरामखुर्ची सोडतील तर शपथ! त्यांच्या पत्नी विनवून विनवून थकल्या. नवी सून मृदुला मुकाट्यानं सारं पाहत होती.

एका संध्याकाळी सासूबाईंनी पुन्हा चपला पुढ्यात आणून ठेवल्या. त्रिंबकराव कडाडले, "या घरात माझ्याशिवाय कोणाचंही चालत नाही, कळलं?"

कपबशी उचलता उचलता मृदुला हळूच म्हणाली, "खरंय, मामंजी. आमचं कोणाचं चालतच नाही. म्हणून तर तुम्हालाच चालावं लागणार."

मग खुर्ची कुरकुरली.

"फाटकापर्यंतच जाईन हं!" चपला चढवत त्रिंबकराव गुरगुरले.

"चालेल," सासूबाई म्हणाल्या.