अर्ध्यावर थांबलेली वाक्यं

“...पण मग एकही मूल मला प्रश्न का विचारत नाही, गुरुजी?”

लांजेवार गुरुजी अंगणातल्या बाजेवर बसून मांडीवर अंबाडीची दोरी वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बॅग घेऊन आलात,” ते म्हणाले.

“संध्याकाळच्या बसने नागपूरला चाललो. जुन्या दवाखान्यातून फोन आला होता. उद्या सकाळी हजर व्हा म्हणतात, नाहीतर जागा दुसऱ्याला देतील.”

“आणि गेलात तर?”

“तर परत येणं होणार नाही.”

दोरीचा पीळ घट्ट झाला. गुरुजींनी तो अंगठ्याने चाचपून पाहिला.

डॉक्टर निशिकांत घाटोळे हे भूल देणारे डॉक्टर. पन्नाशी जवळ आली तेव्हा मोठ्या दवाखान्यातली नोकरी सोडून ते या तळ्याकाठच्या गावात विज्ञान शिकवायला आले. दुसरा पेशा सोडून शिक्षक होणाऱ्यांना एक संस्था अशा शाळांमध्ये पाठवत असे, आणि पहिलं वर्ष सोबतीला एक निवृत्त शिक्षक देत असे. इथे ते लांजेवार गुरुजी होते.

गुरुजी अधूनमधून वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसत. संध्याकाळी डॉक्टर त्यांच्या अंगणात येत. डॉक्टर बोलत, गुरुजी दोरी वळत.

“वीस वर्षं माणसं झोपवली, गुरुजी,” आल्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते. “आता जागी करायची आहेत.”

त्या दिवशी गुरुजी नुसतेच हसले होते.

आज म्हणाले, “हाताची सवय लवकर सुटत नाही बाप्पा. अख्खा वर्ग झोपवता तुम्ही.”

“चेष्टा करू नका. माझा जीव जळतोय.”

“दिसतंय. तुमच्या आधी एक बँकेतले साहेब आले होते. पोट्ट्यांना रांगेत उभं करत, एकेकाला पुढे बोलवत. मध्ये काच नव्हती, एवढंच. पण एके दिवशी त्यांनी...”

“सोडून गेले असतील. मला ठाऊक आहे.”

गुरुजींचा हात थांबला.

थोड्या वेळाने पुन्हा चालू झाला.

“माझ्या पहिल्या वर्गात एक पोट्टा होता. वर्षभर तोंड उघडलं नाही त्यानं. शेवटच्या दिवशी दारात आला आणि...”

“आणि रडला असेल. तसं होतं, मी समजू शकतो. पण गुरुजी, माझ्यात काय कमी आहे ते सांगा ना! मी तयारी करून जातो. आकृत्या काढतो. विषय मला येतो. आणि ती पोरं फक्त बघत राहतात माझ्याकडे... कोणीतरी एकदा तरी विचारावं हो. काहीही. सर, असं का? एवढंच.”

दोरी पुन्हा थांबली होती. डॉक्टरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते रस्त्याकडे बघत होते.

“आज काय शिकवलंत?”

“तुम्ही होतात की मागे बसलेले.”

“तुमच्या तोंडून ऐकू द्या.”

“मासा पाण्यात श्वास कसा घेतो ते. श्वास म्हणजे तर माझा विषय. मी वर्गाला विचारलं, सांगा, कसा घेत असेल? आणि ती उठली. सुकेशनी. तिचे वडील तळ्यावर जाळं टाकतात ना, ती. कधी नव्हे ते कोणीतरी आपणहून उठलं.” डॉक्टरांचा आवाज क्षणभर उजळला. “म्हणाली, सर, उन्हाळ्यात तळं आटतं ना, तेव्हा पहाटे पहाटे मासे...”

“आणि?”

“आणि काय? भरकटत होती ती. मी सावरून घेतलं. म्हटलं, शाब्बास, कल्ल्यांनी! बस खाली. मग फळ्यावर कल्ले काढून दाखवले. बसली ती. नंतर सबंध तासभर खिडकीबाहेर बघत होती.”

“आकृती चांगली होती,” गुरुजी म्हणाले.

“चांगली काय करायचीय!”

तळ्याकडून पाणकोंबडीचा आवाज आला.

“डॉक्टर, तुम्ही दवाखाना का सोडला?”

“सांगितलं होतं ना. माणसं जागी...”

“ते पहिल्या दिवशीचं झालं. खरं सांगा.”

डॉक्टरांनी रस्त्यावरून नजर काढली. मग बाजेच्या कडेला बसले.

“हसाल तुम्ही.”

गुरुजींनी नकारार्थी मान हलवली.

“भूल द्यायच्या आधी माणूस फार घाबरलेला असतो. त्याच्याशी बोलावं लागतं. मी मनगट हातात घ्यायचो आणि विचारायचो, नाव काय, गाव कोणतं, दारात काय लावलंय... तो सांगायला लागतो. दुसऱ्या हाताने मी औषध सोडत असतो. एक बाई म्हणाली, आमच्या दारात चिंच आहे, भाऊ, तिच्याखाली आम्ही सगळ्या बहिणी...”

“मग?”

“झोपली. एक म्हातारे होते. म्हणाले, माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही, पण काल रात्री त्याने... तेही झोपले. रोज असं. डोळे उघडतात तेव्हा ते गुंगीत असतात; पूर्ण जागे होतात तोवर मी दुसऱ्या टेबलापाशी असतो. त्यांना ऑपरेशन करणारा डॉक्टर आठवतो. मला कोण ओळखणार? आणि त्याचं मला काही नाही, गुरुजी, खरंच नाही. पण ती वाक्यं... ती माझ्यापाशीच राहिली. चिंचेखाली काय करत असतील त्या बहिणी? मुलगा काय म्हणाला असेल? जेवताना मध्येच आठवतं. घास हातात राहतो.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

“वाटलं, शाळेत जावं. लहान मुलं. बोलायला लागली की थांबत नाहीत म्हणे. एक तरी वाक्य पुरं ऐकायला मिळेल.”

गुरुजींनी दोरी गुंडाळून बाजूला ठेवली. पाय वर घेतले आणि बाजेवर उताणे पडले.

“झोपवा मला.”

“काय?”

“वीस वर्षं केलंत ना? मलाही झोपवा.”

“औषध कुठे आहे इथे?”

“औषधाच्या आधीचं करा.”

डॉक्टर हसले. मग त्यांच्याही नकळत त्यांची बोटं गुरुजींच्या मनगटावर गेली. आवाज खाली आला. वर्गात कधीच न ऐकू येणारा तो आवाज होता.

“नाव काय बाबा तुमचं?”

“सोमाजी.”

“काम काय करायचात?”

“मास्तर होतो.”

“वा. मग पोरं आठवत असतील.”

“एक आठवतो...” गुरुजींनी डोळे मिटले. “वर्षभर बोलला नाही. शेवटच्या दिवशी दारात आला. हातात काहीतरी होतं, पाठीमागे लपवलेलं. म्हणाला, गुरुजी, मी तुम्हाला...”

ते थांबले.

डॉक्टर वाट बघत राहिले.

गुरुजींची छाती संथ वरखाली होत होती. ओठ किंचित उघडे होते, शब्द तिथेच अडकल्यासारखे.

वळणावर बसचा हॉर्न वाजला. बॅग अंगणाच्या दाराशीच होती. थोडं धावलं तरी पुरे होतं.

समोरचा माणूस शुद्धीवर येईपर्यंत त्याच्या उशाशी राहायचं, हा डॉक्टरांच्या कामाचा पहिला नियम. मनगटावरची बोटं हलली नाहीत. नजर गुरुजींच्या ओठांवर होती. काय असेल त्या पोराच्या हातात? काय म्हणाला असेल? या वेळी डॉक्टरांनी स्वतःशीसुद्धा उत्तर दिलं नाही. ते नुसते थांबले.

बस फाट्यावर उभी राहिली. कंडक्टरने कोणाला तरी हाक मारली. मग घंटी वाजली, आणि आवाज तळ्याच्या बांधावरून दूर दूर जात नाहीसा झाला.

उन्हं उतरली. पाणी आधी तांबूस झालं, मग करडं.

गुरुजींनी डोळे उघडले.

“बस गेली?”

“गेली.”

“हॉर्न ऐकला नाही?”

“ऐकला.”

“मग उठला का नाहीत?”

डॉक्टरांच्या बोटांत अजून ते मनगट होतं.

“तुमचं वाक्य राहिलं होतं, गुरुजी...”

गुरुजी उठून बसले. दोरीचा गुंडा मांडीवर घेतला, सुटं टोक शोधलं.

“सुकेशनीचंही राहिलंय, डॉक्टर. ती तर जागी आहे.”