उरलेला रंग

शके १८९७, फाल्गुन शुद्ध सप्तमी. लग्नसराईची लुगडी रंगवायची पडली होती, आणि त्याच दिवशी एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने भट्टी विझवली.

कारण सकाळी सगुणाबाई येऊन गेली होती. ओढ्याच्या खालच्या अंगाला तिची विहीर आणि वांग्यांचा मळा. तिने तांब्या पुढे केला. पाणी गुलाबी होते.

"दादा, म्हैस तोंड लावीना," एवढेच म्हणाली आणि गेली.

शिष्य बलभीमची मान खाली गेली. रंगाचे पाणी ओढ्यात तोच सोडत असे. तीन वर्षांपूर्वी, दुष्काळात, याच बाईने त्यांना आपल्या विहिरीचे पाणी दिले होते. रोज चार कळश्या. त्यावर दोघे जगले.

"बाबा, लुगड्यांचं काय?"

"विहीर निवळेपर्यंत थांबतील. तेलघाण्यावर जा. शेंगांची टरफलं आण, गाडीभर."

"टरफलं? ती गुरंसुद्धा खात नाहीत."

"तुला खायला कोण सांगतंय?"

बलभीमने टरफले कुटून बुडाला भोके असलेल्या तीन पिंपांत भरली, वरून हौदातले रंगाचे पाणी ओतले. खालून तपकिरी गढूळ पाणी आले.

"फजितीच झाली, बाबा!"

"कोरं कापड खळ न काढता रंगात बुडवतोस?"

"नाही."

"मग यांना का बुडवलंस?"

बलभीमने टरफले उकळली, पाणी नितळ निघेपर्यंत धुतली, उन्हात वाळवली. गिऱ्हाइकाच्या लुगड्याचे करावे, तसे सगळे. येणारेजाणारे हसले, "रंगारीबुवा, टरफलं रंगवून कुणाच्या लग्नात नेसवणार?"

या वेळी एका पिंपातून गळालेले पाणी पुढच्यात ओतले. पहिल्यातून फिके पाणी आले, तिसऱ्यातून स्वच्छ. म्हाताऱ्याने त्यात पांढरी चिंधी भिजवली, वाळवली. ती पांढरीच राहिली.

"बाबा, टाकाऊ टरफलांचे एवढे लाड?"

"रंग बसवणं हा आपला धंदा. कापड घेईल तेवढाच घेतं. उरलेल्याला आपण जागा दिली नाही, तर तो दुसऱ्याच्या विहिरीत जाऊन बसतो. दुष्काळात त्या बाईकडं पाणी उतू जात नव्हतं. तरी तिनं दिलं. आज या टरफलांनी आपली लाज राखली. दोघांचे उपकार मान. आणि ही रंग प्यालेली टरफलं ओढ्यात टाकू नकोस. भट्टीत घालू."

मग दोघांनी सगुणाबाईची विहीर उपसली. झऱ्यांतून पुन्हा गुलाबी पाणी आले. पुन्हा उपसली. तिसऱ्या खेपेला तळाचे दगड दिसले.

पाडव्याच्या सकाळी म्हाताऱ्याने स्वतः रहाट ओढला. चार कळश्या भरल्या आणि सगुणाबाईच्या दगडी डोणीत ओतल्या. म्हशीने आधी वास घेतला, मग तोंड लावले आणि डोणी रिकामी केली.